डबल मार्कर १:१८० आलाय, पुढची टेस्ट करायची का?

आकाशमोगरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ३४, पहिलंच बाळ, तेरावा आठवडा संपत आलाय. गेल्या सोमवारी एनटी स्कॅन झाला, बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात तो. एनटी १.९ मिमी, नाकाचं हाड दिसतंय, सगळं छान आहे म्हणाले. बाळाने पाय झाडले ते दिसलं आणि नवऱ्याने मोबाईल बाहेर काढला तर तिथल्या सिस्टर खेकसल्याच त्याच्यावर. त्याच दिवशी डबल मार्करचं, म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता किती ते सांगणाऱ्या टेस्टचं, रक्त दिलं आणि विसरून गेले. शुक्रवारी ऑफिसात कोणाचातरी केक कापणं चालू होतं आणि क्लिनिकच्या रिसेप्शनवरून फोन, "मॅडम तुमचा हाय रिस्क आलाय, सोमवारी मिस्टरांना घेऊन या." बस्स. शुक्रवार ते सोमवार मी कशी काढली असेल विचारू नका.

रिपोर्टवर ट्रायसोमी २१, म्हणजे डाऊन सिंड्रोम, त्याच्या समोर १:१८० आणि ते लाल अक्षरात. खाली लिहिलंय कट ऑफ १:२५०, म्हणजे शक्यता त्याहून जास्त आली की हाय रिस्क. डॉक्टरांनी सात मिनिटं दिली, त्यात एनआयपीटी (आणखी एक रक्ताची टेस्ट) करा नाहीतर पोटातून पाणी काढून तपासतात ती अॅम्नियो करा, घरी ठरवून कळवा.

घरी ठरवायचं तर घरचं ऐका. साबा (सासूबाई) म्हणतात आमच्या वेळी कुठे होत्या ह्या टेस्टा, सगळी पोरं धडधाकट झाली. मग रात्री माझ्या आईने फोनवर हळूच आठवण करून दिली की साबांच्याच चुलत दिरांचा बाळू, जो लग्नकार्यात मागच्या खोलीत बसवलेला असायचा, तो कोण होता मग. नवरा म्हणतो एनआयपीटी कर, नॉर्मल आली की विषय संपला. आणि नाही आली तर? हे वाक्य आमच्या घरात कोणी पूर्ण करत नाही. मलाही नाही करता येत.

तुमच्यापैकी कोणी ह्यातून गेलं असेल तर सांगा. धीर द्यायला खोटं नको.

चहाबाज
बायकोला दुसऱ्या वेळी १:२१० आलेला. एनआयपीटी केली, लो रिस्क आली, मुलगी आता यूकेजीत आहे. ते दहा दिवस मात्र आम्ही एकमेकांशी भाजी काय आणायची एवढंच बोललो असू.

गुरुकृपा
ताई काळजी करू नका. माझ्या नणंदेला १:९० आलं होतं, काही झालं नाही. रोज रामरक्षा म्हणा, चांगलं वाचन करा, गर्भावर तसेच संस्कार होतात. ह्या टेस्ट म्हणजे पैसे काढायचे धंदे.

खडीसाखर
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे कोणाला औषधपाणी सांगत नाही, पण हा आकडा वाचायचा कसा एवढं सांगते कारण ते सांगायला आम्हा लोकांना ओपीडीत वेळ नसतो, कबूल.

१:१८० म्हणजे असाच रिपोर्ट आलेल्या १८० बायका एका हॉलमध्ये बसवल्या तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. अर्धा टक्का आणि थोडं वर. रक्तातली दोन द्रव्यं, तुमचं वय, एनटी हे सगळं घालून सॉफ्टवेअर हा आकडा काढतं. बाळाला काय आहे ते ह्या टेस्टला माहीतच नसतं, कोणाला पुढची टेस्ट सुचवायची ही फक्त चाळणी आहे. वयाचा वाटा मोठा असतो, पस्तिशीला साधारण ३५० त एक, चाळिशीला १०० त एक असं धरतात. पण म्हणून तरुण पोरींनी निर्धास्त राहावं असं नाही, बाळंतपणं जास्त त्यांचीच होतात त्यामुळे डाऊनची बरीचशी मुलं तरुण आयांनाच झालेली असतात.

एनआयपीटी म्हणजे आईच्याच रक्तात वारेतून आलेला जो डीएनए फिरत असतो तो तपासायचा. दहाव्या आठवड्यानंतर कधीही, बाळाला धोका नाही, पण खर्च साधारण दहा ते वीस हजारांच्या मधे कुठेतरी. डाऊनसाठी खूपच चांगली टेस्ट, तरी चाळणीच, फक्त बारीक जाळीची. पॉझिटिव्ह आली तर नुसत्या त्यावर निर्णय घ्यायचा नाही, अॅम्नियो करायची. अॅम्नियो म्हणजे पाण्याची टेस्ट, पंधरा-सोळा आठवड्यांनंतर, गर्भपाताचा धोका आता अर्ध्या टक्क्याच्याही खाली धरतात. प्राथमिक रिपोर्ट चार-पाच दिवसांत, पूर्ण कॅरियोटाइपला, म्हणजे सगळी गुणसूत्रं तपासायला, दोन-तीन आठवडे.

आणि गुरुकृपा, रामरक्षा मीही म्हणते, पण गुणसूत्रं गर्भ राहतानाच ठरलेली असतात, त्यात आईच्या विचारांचा काही संबंध नाही. हे लिहिताना सांभाळा, कारण असं वाचून कोणीतरी आई आयुष्यभर स्वतःलाच दोष देत बसते. अशा बघितल्यात मी.

रोखठोक_नाना
कोणाला राग आला तर येवो. टेस्ट करा, पॉझिटिव्ह असेल तर पाडा, वयं आहेत, दुसरं होईल. आपल्या देशात धडधाकट माणसाला फुटपाथ नाही. ही मुलं 'देवाची देणगी' वगैरे म्हणणाऱ्यांनी एक महिना सांभाळून दाखवावं. स्पीच थेरपीचे आमच्या गावात तासाला सहाशे घेतात, आठवड्याला तीन, करा हिशोब.

पाऊलवाट
नाना, हिशोब बरोबर आहे, मी आठ वर्षं तोच करतोय. फक्त माझ्या मुलीच्या वेळी डबल मार्कर नॉर्मल, बाळाचे अवयव तपासायचा अॅनॉमली स्कॅन नॉर्मल, शुगर नॉर्मल, सगळी फाईल हिरवी. प्रसूतीच्या वेळी कळा लांबल्या, ती रडली उशिरा, मेंदूला प्राणवायू कमी पडला. सेरेब्रल पाल्सी. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यातले पोटात असताना किती कळतात मोजा एकदा. ऑटिझम कुठल्या सोनोग्राफीत दिसतो? अॅक्सिडेंट कुठल्या?

टेस्ट करू नका असं म्हणत नाहीये. टेस्ट केली म्हणजे आता 'तसलं' मूल होणार नाही अशी गॅरंटी मिळाल्यासारखं लोक वागतात, आम्हीही तसेच वागलो होतो, म्हणून सांगतोय. रिपोर्ट हिरवे आहेत म्हणून मी पेढ्यांची ऑर्डर आधीच देऊन ठेवली होती.

थेम्सकाठी
मी यूकेत, इथे मागच्या वर्षी गेले ह्यातून. मोगरी, एक गंमत सांगते. इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, कट ऑफ १:१५० आहे. म्हणजे तुझा तोच १:१८० इथे आला असता तर 'लो चान्स' म्हणून साधं पत्र घरी आलं असतं आणि तू केक खाऊन झोपली असतीस! आकडा तोच, बाळ तेच.

अजून एक म्हणजे इथल्या पत्रकांत रिस्क हा शब्द काढून चान्स लिहितात. सुरुवातीला मला वाटलं काय फरक पडतो, पण पडतो. म्हणून इथे सगळं छान आहे असं मात्र नाही हां. इथे चोवीस आठवड्यांनंतर गर्भपात अगदी ठराविक कारणांसाठीच होतो आणि त्यात बाळाला गंभीर व्यंग असणं हे एक. हायडी क्राउटर नावाची स्वतः डाऊन असलेली मुलगी त्याविरुद्ध कोर्टात गेली होती, कायद्यात माझ्यासारख्यांची किंमत कमी का म्हणून. २०२१ ला हरली, अपिलात २०२२ ला परत हरली. कोर्टाचं काय असेल ते असो, पण मी सात महिन्यांची गरोदर असताना टीव्हीवर तिला बोलताना बघितलं आणि चॅनल बदलता आला नाही.

चहाबाज
आपल्याकडचा कायदा काय आहे नक्की? कोणी वीस आठवडे म्हणतं कोणी चोवीस.

खडीसाखर
१९७१ चा एमटीपी, म्हणजे गर्भपाताचा, कायदा, त्यात आधी मर्यादा वीसची होती. २००८ ची मुंबईची निकेता मेहता केस आठवत असेल, बाळाच्या हृदयात दोष कळला तोवर चोवीस आठवडे उलटलेले, हायकोर्टाने परवानगी नाकारली, पुढे गर्भ आपोआपच गेला. आम्ही तेव्हा शिकत होतो, हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन तट पडले होते.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर वीसपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीस ठराविक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि चोवीसनंतर बाळात मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड, ज्याने तीन दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

आणि मोगरी, हे मुद्दाम लिहितेय: सज्ञान बाईच्या बाबतीत कायद्याने सही फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. अॅम्नियोच्या आधीचा संमतीचा जी फॉर्म आहे तोही तुझ्याच सहीचा. बरीच हॉस्पिटलं नवऱ्याची सही मागतात ते स्वतःला जपायला. त्या मोबाईलवरून खेकसण्याचंही कारण सांगते. ही पाण्याची टेस्ट आपल्याकडे आली गुणसूत्रांचे दोष बघायला आणि वापरली गेली मुली पाडायला. इतकी, की महाराष्ट्राला १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी त्यावर कायदा करावा लागला, देशाचा १९९४ ला आला. म्हणून स्कॅनला मोबाईल चालत नाही आणि इथल्या एनआयपीटीच्या रिपोर्टवर मुलगा-मुलगी कळत नाही. साबांना आधीच सांगून ठेव, विचारणार नक्की!

ओसरी
हे मी कुठेच लिहिलेलं नाही, इथे माझं नाव कोणाला माहीत नाही म्हणून लिहितेय.

सहा वर्षांपूर्वी आम्ही थांबवलं. एनआयपीटी पॉझिटिव्ह, मग अॅम्नियो, तीही पॉझिटिव्ह, बाळाच्या हृदयात मोठं छिद्र. अठरावा आठवडा. नातेवाइकांना 'बाळाचे ठोके बंद पडले' असं सांगितलं आणि आजही तेच सांगतो, सख्ख्या बहिणीला पण. निर्णय दोघांनी घेतला पण कळा मलाच आल्या, हे कोणी आधी नीट सांगत नाही, लोकांना वाटतं आत गेलं आणि क्युरेटिन करून बाहेर आलं. अठराव्या आठवड्यात तसं नसतं, बाळंतपणच असतं ते. आणि तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. मी बाथरूममध्ये उभी, गाऊन समोरून ओला, आणि बाहेर माझी सासू विचारतेय चहा टाकू का. दूध येईल असं मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. थांबवायची गोळी असते, तीही मी स्वतः फोन करून विचारल्यावर मिळाली.

पश्चात्ताप आहे का, तर नाही. सुटल्यासारखं वाटलं का, तर तेही नाही. दर वर्षी तारीख येते, आम्ही दोघं त्या दिवशी बाहेर जेवायला जातो आणि का गेलोय ते बोलत नाही. नाना, 'पाडा, दुसरं होईल' हे लिहायला तुम्हाला चार सेकंद लागले असतील.

रोखठोक_नाना
ओसरी ताई, चुकलं माझं. शब्द मागे घेतो. मत नाही घेत, पण शब्द घेतो.

चाकावरचा
हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू का नको चाललं होतं. अॅनॉमली स्कॅनला जे शोधतात ना पाठीच्या कण्यात, ते मी. स्पायना बिफिडा, पाठीवर गाठ घेऊन जन्मलो, १९८६, जिल्ह्याच्या गावी, तेव्हा स्कॅन कुठला. कमरेखाली ताकद नाही, लघवीला नळी लावावी लागते दिवसातून पाच वेळा. बँकेत आहे. ९५ च्या अपंगांच्या कायद्यात आम्हाला ३ टक्के आरक्षण होतं, त्यातून लागलो, २०१६ ला ते ४ झालं.

माझ्यासारखं मूल जन्माला येऊ नये म्हणून काय काय करता येतं ह्याची चर्चा स्वतः वाचताना कसं वाटतं ते सांगतो. वाईट वाटतं असं नाही, अवघडल्यासारखं होतं. आपल्याबद्दल बोलणं चाललेलं असतं आणि आपण दाराआड उभे असतो, तसं.

टेस्टला माझा विरोध नाही. माझ्या बायकोने गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं, माझ्यासारख्याच्या घरात डोसही जास्त देतात, स्कॅन केले, आणि मी ते रिपोर्ट उघडताना देवाला हात जोडले होते. मला विचाराल तर माझं आयुष्य अवघड केलं ते पायांनी कमी आणि शाळेच्या अकरा पायऱ्यांनी जास्त. चौथीपर्यंत आई कडेवर न्यायची, पाचवीत मी जड झालो आणि वर्ग पहिल्या मजल्यावर गेला. हेडमास्तरांना खाली वर्ग घ्या म्हणून आईने तीनदा अर्ज दिला. शेवटी शेजारचे दोन दादा मला खुर्चीसकट उचलून न्यायचे, परीक्षेच्या दिवसांतही. हे कुठल्या टेस्टमध्ये धरता तुम्ही? रिपोर्टवर बाळाचे दोष येतात, शाळेच्या पायऱ्या येत नाहीत.

धाकटी
मी बहीण. दादा ४६ चा आहे, 'मतिमंद' हाच शब्द आमच्या घरात होता, दिव्यांग वगैरे नंतर आलं. माझी तीन स्थळं दादाला बघून परत गेली, चौथ्याने दादाबरोबर कॅरम खेळला, त्याच्याशी लग्न केलं :)

आईवडिलांचं एकच पालुपद असायचं, आमच्या पश्चात कसं. बदलापूरला पालकांनीच मिळून उभं केलेलं 'आधार' आहे, अशा मुलांना कायमचं ठेवून सांभाळणारं, तिथे बाबा बघायला गेले होते, आवडलं, पण आईचा पाय निघेना. आता दोघंही नाहीत आणि दादा माझ्याकडे आहे. व्यवहाराचं सांगते, मूल अठराचं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली कलेक्टरकडच्या लोकल लेव्हल कमिटीकडून पालकत्व घ्यावं लागतं. आमचं बाबांनी केलं नव्हतं आणि त्यांच्या पेन्शनसाठी मी दीड वर्ष खेटे घातले. त्याच ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा मात्र काढून ठेवा, लाखापर्यंत आहे, आधी मेडिकल लागत नाही.

मला कोणी विचारलं नाही कधी की तुला चालेल का. चाललं असतंच, पण विचारायला हवं होतं.

अबोली७४
मोगरी, तू धीर द्यायला खोटं नको म्हणालीस म्हणून लिहिते.

माझा मुलगा १९ वर्षांचा, डाऊन. आधी टेस्ट केली नव्हती. जन्मल्यावर बालरोगवाल्या डॉक्टरांनी त्याची मूठ उघडून तळहात बघितला, आडवी एकच रेघ होती, आणि त्यांनी मूठ परत मिटवून ठेवली, तेव्हाच मला कळलं काहीतरी आहे. मिस्टरांनी मुलगा झाला म्हणून दोन किलो पेढे आणलेले, ते फ्रिजमध्ये तसेच. वाटावेत का नाही हेच कोणाला ठरवता येईना. सहाव्या दिवशी माझे सासरे उठले आणि एकटेच सगळ्या बिल्डिंगीत वाटून आले.

सातव्या महिन्यात हार्टचं ऑपरेशन. ह्या मुलांत जवळपास निम्म्यांना हृदयाचं काही ना काही असतं. चालला सव्वादोन वर्षांचा असताना. थायरॉईडची गोळी रोज. बोलणं अजून बाहेरच्यांना अर्धंच कळतं. आता कार्यशाळेत जातो, दिवाळीत उटण्याच्या पुड्या भरतात, महिन्याला जे काय थोडे मिळतात त्यातून बाबांना भजी आणतो. हट्टी आहे भयंकर. बसमध्ये अनोळखी बाईला मिठी मारली म्हणून दोनदा मार खाल्लाय. दाढी करून द्यावी लागते. मी आजारी पडायला घाबरते.

आता जे सांगणार ते आमच्या पालकांच्या ग्रुपमध्ये पण मी बोलत नाही. तो पाच वर्षांचा असताना मला परत दिवस गेले आणि मी पाण्याची टेस्ट केली. त्याला आईकडे ठेवून गेले होते. परत आले तर हा दारात, माझ्या पोटावरची पट्टी बघून तिच्यावर फुंकर घालायला लागला. रिपोर्ट नॉर्मल आला, धाकटी आता तेरा वर्षांची आहे. नॉर्मल नसता आला तर काय केलं असतं? खरंच सांगता येत नाही. त्याच्यावर माझा जीव आहे आणि टेस्टसुद्धा मीच केली, दोन्ही खरं आहे. मला लोक दोन्हीकडून वापरतात, कोणाला घाबरवायचं असलं की माझं उदाहरण आणि कोणाला लाजवायचं असलं की पण माझंच. तू तसं वापरू नकोस.

हल्ली डाळभाताचा कुकर तोच लावतो बरं का. शिट्ट्या मोजतो आणि तीन झाल्या की गॅस बंद.

आकाशमोगरी
सगळ्यांचे आभार कसे मानू. ओसरी, तुझा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. वाचून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला बराच वेळ, आणि आत येऊन म्हणाला, "पॉझिटिव्ह आली तर काय, हे आपण आत्ताच बोलून ठेवूया." रात्री दोन वाजेपर्यंत बोललो. ठरलं असं नाही काही, पण निदान वाक्य पूर्ण केलं. साबा दाराशी येऊन गेल्या एकदा, मग आत येऊन बसल्याच, आणि बाळूबद्दल बोलायला लागल्या. त्याला गाणी पाठ होती म्हणे, आणि लग्नात मागे बसवायचा तो त्यांच्याच सासूचा हुकूम होता. बत्तीस वर्षांत नवऱ्याने हे पहिल्यांदा ऐकलं.

एनआयपीटीचं रक्त काल दिलं. रिपोर्टला आठ-दहा दिवस. आला की इथे लिहीन की नाही माहीत नाही, रागावू नका.

अबोलीताई, एक विचारू? शिट्ट्या मोजायला कसं शिकवलंत?

अबोली७४
ओट्यावर वाटीत तुरीचे तीन दाणे ठेवायचे. एक शिट्टी झाली की एक दाणा उचलून डब्यात. वाटी रिकामी झाली की गॅस बंद. सात-आठ महिने लागले, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली तरी हा दाणा उचलायचा, कितीतरी वेळा कच्चा भात खाल्लाय आम्ही. आता दाणे लागत नाहीत, पण वाटी मात्र समोर लागते त्याला, रिकामी का असेना.